टेस्ट सापडली नाही, म्हणजे काय?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी हयातभर न्याय आणि मीमांसा शिकवली. अशा माणसाच्या नावच्या व्याख्यानाला सॉफ्टवेअरवाल्याला बोलवायचं, आणि त्यानं विषय कळवायचा काय, तर ‘एआय एजंटांना युनिट टेस्ट शोधून देणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन’! पत्रिका छापणाऱ्यांनी फोन करून विचारलं, शीर्षक हेच ठेवायचं ना? मी ते बदललं, विषय मात्र तोच ठेवला. कारण असं टूल काय करतं आणि काय करत नाही हे लिहायला बसलं, की जो प्रश्न सर्वांत जास्त छळतो तो या सभागृहातल्या अनेकांनी माझ्या कितीतरी आधी वाचलेला आहे. एखादी वस्तू मला आढळली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असं कधी म्हणता येतं?

तिथवर जाण्याआधी टेस्ट म्हणजे काय ते सांगतो. ज्यांचं रोजचं कामच हे आहे त्यांनी दोन मिनिटं सोसावं.

बँकेच्या प्रोग्रॅममध्ये व्याज काढणारं एक फंक्शन असतं. त्याला मुद्दल, दर आणि मुदत द्यायची, ते व्याजाचा आकडा देतं. त्याच्या जोडीला प्रोग्रॅमर आणखी एक छोटं फंक्शन लिहितो. ते पहिल्याला कॉल करतं, दहा हजार रुपये, आठ टक्के, एक वर्ष असं देतं, आणि उत्तर आठशे आलं का ते बघतं. आलं तर पास, नाही तर फेल. ही झाली युनिट टेस्ट. ग्राहकाला ती कधीच दिसत नाही. केंट बेक यांनी १९९४ साली स्मॉलटॉक भाषेसाठी अशा टेस्ट लिहिण्याची एक छोटेखानी चौकट मांडली. पुढं १९९७ मध्ये झुरिचहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बेक आणि एरिक गामा यांनी शेजारी शेजारी बसून तिचा जावातला अवतार लिहिला, तोच जेयुनिट. आज मोठ्या प्रकल्पात अशा टेस्ट हजारोंनी असतात, आणि सगळ्या चालवायच्या तर कधी काही मिनिटं जातात, कधी काही तास.

आता यात एजंट कुठून आला? भाषेचं मॉडेल नुसतं उत्तर देऊन थांबत नाही, त्याला फाइल उघडता येते, बदलता येते, कमांड चालवता येते, असं झालं की त्याला आपण एजंट म्हणतो. त्याला सांगायचं, ‘लीप वर्षात व्याज एक दिवसानं चुकतंय, दुरुस्त कर.’ तो फंक्शन शोधतो, बदलतो. मग त्याला हवं असतं ते एवढंच, की या फंक्शनला हात लावणाऱ्या टेस्ट कोणत्या? त्या चालवून बघायच्या, मोडलं असेल तर पुन्हा दुरुस्त करायचं. एजंटांची परीक्षाही टेस्टवरच घेतली जाते. २०२३ साली आलेल्या एसडब्ल्यूई-बेंच या कसोटीत पायथनच्या १२ खऱ्या प्रकल्पांतल्या २,२९४ खऱ्या तक्रारी आहेत, आणि उत्तर बरोबर की चूक हे दोन गोष्टींवर ठरतं: आधी फेल होणाऱ्या ठरावीक टेस्ट आता पास झाल्या का, आणि आधी पास होणाऱ्या तशाच राहिल्या का. तेव्हा नेमकी टेस्ट सापडणं ही एजंटाच्या कामातली निम्मी लढाई आहे.

कुणी म्हणेल, यात शोधायचं काय? फोल्डर उघडा, नावात ‘टेस्ट’ असलेल्या फाइली बघा. पायथनपुरतं हे बऱ्यापैकी चालतं. तिथल्या पायटेस्ट या लोकप्रिय टूलचा नियम असा, की फाइलचं नाव ‘टेस्ट_’नं सुरू व्हावं किंवा ‘_टेस्ट’नं संपावं, आणि आतलं फंक्शनही ‘टेस्ट’नंच सुरू व्हावं. पण गो भाषेत फाइलचं नाव ‘_टेस्ट’नंच संपावं लागतं. रस्टमध्ये तर युनिट टेस्ट बहुधा मूळ कोडच्याच फाइलमध्ये, तळाशी, एका खुणेखाली बसलेल्या असतात. वेगळी फाइल शोधणाऱ्याला त्या दिसणारच नाहीत. सी प्लस प्लसमधल्या गूगलटेस्टमध्ये टेस्ट हे फंक्शन नसतंच, तो मॅक्रो असतो, आणि त्याचं फंक्शन कंपायलर पुढं बनवतो. जावास्क्रिप्टमधल्या जेस्टमध्ये टेस्टचं नाव हे साधं वाक्य असतं, आणि एकाच लूपमधून अशी वीस वाक्यं चालताना तयार होऊ शकतात.

जावाची गोष्ट जरा थांबून सांगण्याजोगी आहे. जुन्या जेयुनिटमध्ये मेथडचं नाव ‘टेस्ट’नं सुरू व्हावं लागे. २००६ साली जेयुनिट ४ आलं आणि नावाची सक्ती गेली. मेथडवर टेस्टची खूण लावली की झालं. पण या टेस्ट चालवतं कोण, तर पुष्कळ ठिकाणी मेवन या बिल्ड टूलचं शुअरफायर नावाचं प्लगइन. आणि शुअरफायर स्वतःहून फक्त त्या क्लासकडे बघतं ज्यांचं नाव ‘टेस्ट’नं सुरू होतं, किंवा ‘टेस्ट’, ‘टेस्ट्स’ वा ‘टेस्टकेस’नं संपतं. म्हणजे एखाद्यानं ‘व्याजाचीपडताळणी’ नावाच्या क्लासमध्ये खुणा लावून सुरेख टेस्ट लिहिल्या, तर एडिटरमध्ये त्या एकेक करून चालतील, हिरव्या दिसतील, आणि रोजच्या बिल्डमध्ये कधीच चालणार नाहीत. कुणाला पत्ताही लागणार नाही, कारण न चाललेली टेस्ट फेल होत नाही.

आमचा गट असंच टेस्ट शोधणारं टूल बनवतो. आता सांगा, त्या टूलनं ही टेस्ट ‘सापडली’ म्हणायचं का? कोड वाचून शोधणारं टूल म्हणेल, सापडली. एजंट मेवनचा नेहमीचा बिल्ड चालवेल तर ती चालणार नाही. दोन्ही खरं आहे. डॉक्युमेंटेशनमध्ये ‘हे टूल टेस्ट शोधतं’ असं एक वाक्य लिहून मोकळं झालो तर त्या वाक्यात या दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. टेस्ट अस्तित्वात आहे ही एक बाब, टेस्ट चालवणाऱ्याला ती ठाऊक आहे ही दुसरी. आम्ही शेवटी दोन वेगळे रकाने केले.

आणखी एक अडचण आपल्या लिपीची आहे, म्हणून ती इथं बोललीच पाहिजे. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून फंक्शनला देवनागरी नाव देता येतं. ‘टेस्ट’ हा उपसर्ग रोमनमध्ये ठेवायचा, पुढं ‘व्याज_शून्य’ किंवा ‘व्याज_दर’ लिहायचं. पायथन आनंदानं चालवतो. पण टेस्टची नावं उचलण्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा नमुना सांगणारं सूत्र, वापरलं आणि त्यात ‘शब्दातलं अक्षर’ असा पायथनचा नेहमीचा संकेत लिहिला, तर घोटाळा होतो. पायथनच्या त्या संकेतात क, ख, ग बसतात. काना, वेलांटी, मात्रा आणि हलन्ताचं चिन्ह बसत नाही. युनिकोडच्या दृष्टीनं ती जोडचिन्हं आहेत, आणि हा संकेत त्यांना अक्षरात धरत नाही. परिणाम असा, की ‘टेस्ट_व्याज_शून्य’ हे नाव ‘टेस्ट_व’ एवढ्यावर तुटतं, आणि ‘टेस्ट_व्याज_दर’ही ‘टेस्ट_व’च होतं. दोन टेस्टचं एकच नाव. एजंटाला यादीत एक टेस्ट दिसते, आणि ती चालवायला गेलं तर त्या नावाची टेस्ट जगात नाही. उपाय अवघड नाही: रेग्युलर एक्स्प्रेशन सोडायचं आणि कोडचं व्याकरणच वाचणारा पार्सर वापरायचा. आम्ही तसं केलंही. पण किती टूलं अजून त्या संकेतावर चालतात याची खबर त्यांच्या डॉक्युमेंटेशनमधून लागत नाही. गो भाषेत तर प्रश्नच मिटला: तिच्या नियमाप्रमाणे नावात जोडचिन्ह चालत नाही, म्हणून ‘व्याज’ हे नावच अवैध. हे मला पटत नाही, पण निदान कंपायलर तोंडावर सांगतो.

याच वाटेवर पायटेस्टचा एक नमुना भेटतो. एकच टेस्ट वेगवेगळ्या किमतींसाठी चालवायची असेल तर पायटेस्ट ती किंमत टेस्टच्या नावापुढं चौकटी कंसात लिहितं. किंमत ‘पुणे’ असली तर कंसात पुणे येत नाही; त्यातल्या चार चिन्हांच्या जागी युनिकोडच्या क्रमांकांची चोवीस अक्षरं येतात. हे बंद करण्याची सोय आहे, आणि त्या सेटिंगचं अधिकृत नावच असं आहे, की त्याचा मराठीत अर्थ होतो ‘नावांचं हे रूपांतर बंद करा आणि समुदायाच्या मदतीवरचे सर्व हक्क सोडा’. हसू येतं खरं. पण डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यानं या नावाला नमस्कार करावा. कारण धोक्याची सूचना वेगळ्या पानावर लिहिली तर ती कुणी वाचत नाही, हे त्या नाव ठेवणाऱ्याला पक्कं कळलं होतं. त्यानं सूचनाच नावात घातली. ती न वाचता सेटिंग वापरता येत नाही.

टेस्ट सापडल्या, तरी त्या कोणत्या फंक्शनच्या हे उरतंच. नुसती टेस्टची यादी एजंटाच्या कामाची नाही. त्याला ‘मी बदललेल्या फंक्शनच्या टेस्ट’ हव्या असतात. अँटवर्प विद्यापीठातल्या बार्ट व्हान रोंपाय आणि सर्ज डेमायर यांनी २००९ साली या जोडणीच्या वेगवेगळ्या युक्त्या शेजारी ठेवून तपासल्या. नाव जुळतं का बघा. टेस्ट कोणाला कॉल करते बघा. टेस्टच्या तयारीत कोणत्या प्रकारच्या वस्तू बनवल्या जातात बघा. पडताळणीच्या ओळीआधीचा शेवटचा कॉल कुणाला, ते बघा. दोन्हीकडच्या शब्दांचं साम्य बघा. इतिहासात दोन फाइली बरोबरीनं बदलत आल्या का, तेही बघा. यातली मला सर्वांत आवडणारी युक्ती शेवटच्या कॉलची. माणूस टेस्ट लिहिताना आधी सामान मांडतो, मग ज्याची परीक्षा घ्यायची त्याला हाक मारतो आणि लगेच उत्तर तपासतो; लिहिणाऱ्याच्या सवयीवर बेतलेली ही युक्ती आहे. पण सवय मोडणारे लोक असतातच. व्याज काढून झाल्यावर पैसे ‘वाचायला सोपे’ करणाऱ्या फंक्शनला कॉल केला आणि मग तपासलं, की युक्ती फसली: टूल म्हणेल, ही रुपये छापण्याची टेस्ट आहे.

म्हणजे प्रत्येक जोडणी हा अंदाज आहे. अमुक ओळ कधी चालेल का, हे सर्वच प्रोग्रॅमांसाठी निर्विवाद सांगणारं टूल बनूच शकत नाही, हे हेन्री गॉर्डन राइस यांच्या १९५३ च्या प्रमेयावरून कळतंच. मग डॉक्युमेंटेशनमध्ये लिहायचं काय? आमच्या टूलच्या पहिल्या मसुद्यात वर्णन असं होतं: ‘दिलेल्या फंक्शनच्या युनिट टेस्ट शोधून देतं.’ व्याकरण चोख, अर्थ स्पष्ट, आणि निरुपयोगी. आता उत्तर असं येतं. ‘व्याज_काढा’साठी तीन टेस्ट. पहिली: नाव जुळतं, थेट कॉल आहे. दुसरी: थेट कॉल आहे, नाव जुळत नाही. तिसरी: फक्त नाव जुळतं, कॉल दिसला नाही. त्याखाली: दोन फाइली वाचता आल्या नाहीत, त्या या. आणि शेवटी: एका फाइलमध्ये टेस्ट चालताना तयार होतात, त्या या यादीत नाहीत, त्या बघायच्या तर अमुक कमांड चालवा.

हे वाचणारा कोण, यावर सगळं अवलंबून आहे. माणूस डॉक्युमेंटेशन वाचतो म्हणजे खरं तर चाळतो, अडला की शेजारच्या टेबलावर विचारतो, आणि न पटलं तर स्वतः कोड उघडून बघतो. एजंटाला शेजारचं टेबल नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एआय कंपनी अँथ्रोपिकनं जाहीर केलेल्या, मॉडेलला टूल जोडण्याचे नियम ठरवणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलचं उदाहरण घ्या. त्यात प्रत्येक टूल आपलं नाव, आपलं वर्णन आणि आपल्याला काय काय द्यावं लागतं त्याचा आराखडा सांगतं. एजंटाला टूलबद्दल बहुतेक वेळा एवढंच कळतं. त्या चार-पाच ओळी वाचून तो ठरवतो, की हे टूल वापरायचं की नाही, आणि पुढच्या क्षणी वापरतो. वाचणं आणि करणं यांच्यामध्ये श्वास घेण्याइतकीही फट नाही. ‘फाइलचा मार्ग द्या’ असं लिहिलं आणि कुठून मोजायचा ते लिहिलं नाही, तर तो कधी मुळापासून मोजेल, कधी चालू फोल्डरपासून, आणि दोन्ही वेळा तितक्याच आत्मविश्वासानं.

यावर आमच्या धंद्यात दोन टोकांची मतं आहेत. एक पक्ष म्हणतो, मॉडेलं आता हुशार झाली, दोन ओळी पुरेत. दुसरा पक्ष वर्णनातच सगळं पुराण सांगतो. मला दोन्ही पटत नाहीत. वर्णनातला प्रत्येक शब्द मॉडेल दर वेळी वाचतं, टूल वापरो वा न वापरो. त्याची किंमत वेळेत आणि पैशात मोजावी लागते, आणि गर्दीत महत्त्वाची ओळ हरवते ती वेगळीच. तेव्हा वर्णन आखूड ठेवावं आणि मर्यादा उत्तरासोबत द्याव्यात, जेव्हा ती मर्यादा खरोखर आड आली असेल तेव्हा. सगळ्या फाइली नीट वाचता आल्या तर ‘न वाचलेल्या फाइली’ या ओळीची गरजच नाही. दोन वाचता आल्या नाहीत, तर ती ओळ यादीच्या वर यावी. डॉक्युमेंटेशन म्हणजे पान, ही समजूतच एजंटाच्या बाबतीत सोडावी लागते. टूलचं प्रत्येक उत्तर हा डॉक्युमेंटेशनचा तुकडा असतो. आता उत्तर रिकामं येतं तेव्हाचं बघू.

पायथनसोबतच येणाऱ्या युनिटटेस्ट या जुन्या चौकटीला एकही टेस्ट सापडली नाही, तर ती बरीच वर्षं काय म्हणायची ठाऊक आहे? ‘शून्य टेस्ट चालवल्या. ओके.’ आणि प्रोग्रॅमचा शेवटचा संकेतही यशाचाच. फोल्डरचं नाव चुकलं, टेस्ट सापडल्या नाहीत, बिल्ड हिरवा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या पायथन ३.१२ पासून हे बदललं. आता शून्य टेस्ट चालल्या तर ५ हा वेगळा संकेत मिळतो. पायटेस्ट आधीपासून यासाठी ५ देत होतं. जेस्ट सरळ चूक मानतं, पण ‘टेस्ट नसल्या तरी पास कर’ असा पर्यायही देतं. गो भाषा ‘टेस्टच्या फाइली नाहीत’ असं कडेला लिहिते आणि यशानं संपते. रस्टचा कार्गोही ‘ओके, शून्य पास’ म्हणतो. एकाच परिस्थितीला पाच चौकटींची इतकी वेगवेगळी उत्तरं. माणूस हे अनुभवानं शिकतो. एजंट ‘ओके’ वाचतो आणि पुढं जातो.

इथं मला त्या जुन्या वादाची आठवण होते. जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळलं? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, घडा न आढळणं, अनुपलब्धी, हेच त्याचं स्वतंत्र प्रमाण. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, अभावही प्रत्यक्षानंच कळतो. भांडण मोठं आहे आणि ते सोडवायला मी इथं उभा नाही. पण एका अटीवर दोघंही ठाम आहेत: न आढळणं कामाचं तेव्हाच, जेव्हा वस्तू असती तर आढळलीच असती. यालाच योग्यानुपलब्धी म्हणायचं. उजेड आहे, डोळे धड आहेत, जमीन समोर आहे, आणि घडा दिसत नाही, तर घडा नाही. अंधारात तो दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही. आणि पिशाच तर भर उजेडातही दिसत नसतं, म्हणून ते न दिसल्यानं त्याचा अभाव सिद्ध होत नाही.

टेस्ट शोधणाऱ्या टूलच्या डॉक्युमेंटेशनसाठी याहून नेमका नियम मला कुठल्याही आधुनिक पुस्तकात मिळालेला नाही. रिकामं उत्तर तीन प्रकारचं असतं. सगळ्या फाइली वाचल्या, या प्रकल्पातली टेस्ट लिहिण्याची पद्धत टूलला कळते, आणि टेस्ट नाही: इथं ‘नाही’ म्हणायला हरकत नाही. काही फाइली वाचता आल्या नाहीत, किंवा चुकीचं फोल्डर दिलं: हा अंधार आहे. आणि टेस्ट चालतानाच तयार होतात, बेस क्लासमधून वारशानं येतात, क्लासच घडवणाऱ्या कुठल्यातरी मेटाक्लासनं बनवलेल्या असतात: हे पिशाच, नुसतं वाचणाऱ्या टूलला दिसण्याजोगंच नाही. या तिन्हींना टूल एकच उत्तर देत असेल, म्हणजे रिकामी यादी, तर ते टूल तीनपैकी दोन वेळा खोटं बोलतं. एजंट त्या रिकाम्या यादीवरून काय करतो, तर ‘या फंक्शनला टेस्ट नाहीत’ असं ठरवून स्वतः नवी टेस्ट लिहितो, शेजारच्या फाइलमध्ये तीच टेस्ट बेस क्लासमध्ये बसलेली असताना. किंवा टेस्ट नाहीत म्हणून न तपासताच काम झाल्याचं सांगतो. यातलं दुसरं जास्त वाईट.

प्रिन्स्टनच्या मंडळींनी २०२४ साली एसडब्ल्यूई-एजंट हा कोड दुरुस्त करणारा एजंट बांधताना याच्याशी मिळतीजुळती गोष्ट केली. काही कमांड यशस्वी होतात आणि काहीच छापत नाहीत. युनिक्सची ती जुनी रीत. मॉडेल त्या शांततेनं गोंधळतं. म्हणून त्यांनी रिकाम्या उत्तराच्या जागी एक वाक्य ठेवलं, की कमांड नीट चालली आणि तिनं काही छापलं नाही. शोधाचे निकाल ५० च्या वर गेले तर यादी ओतायच्या ऐवजी शोध नेमका करायला सांगितलं. हा बदल टूलमध्ये केला की डॉक्युमेंटेशनमध्ये? मला यातली रेघ ओढता येत नाही, आणि ओढू नये असंच वाटतं.

धोक्याची एक जागा अशी आहे, की ती लिहिली नाही तर नुकसान होतं. पायटेस्टला ‘फक्त यादी दे, चालवू नको’ असं सांगता येतं. ऐकायला निरुपद्रवी. पण ती यादी करायला पायटेस्ट प्रत्येक टेस्टची फाइल इम्पोर्ट करतं, आणि पायथनमध्ये इम्पोर्ट म्हणजे फाइलच्या वरच्या पातळीवरचा कोड चालवणं. कुणी तिथंच डेटाबेसला जोडणी केली असेल तर ती होते. फाइल पुसणारी ओळ असेल तर फाइल जाते. म्हणून आमच्या टूलच्या वर्णनात दोन मार्ग वेगळे लिहिलेत: वाचून शोधणं, ज्यात काहीच चालत नाही पण पिशाचं दिसत नाहीत, आणि इम्पोर्ट करून शोधणं, ज्यात जास्त दिसतं पण कोड चालतो. कोणता घ्यायचा हे प्रसंग ठरवेल, पण निवड आहे हे निवडणाऱ्याला ठाऊक हवं.

टेस्टची जागा एजंटाच्या हाती देणं म्हणजे ती बदलायची वाटही दाखवणं. व्याज चुकत असेल तर फंक्शन दुरुस्त करण्यापेक्षा टेस्टमधला आठशेचा आकडा बदलणं सोपं असतं, आणि एजंटांनी असं केल्याचं आमच्या क्षेत्रात सगळ्यांनाच माहीत आहे. वर्णनात ‘टेस्ट बदलू नका’ असं लिहायला हरकत नाही, आम्हीही लिहितो. पण वर्णनातली ओळ म्हणजे कुलूप नव्हे. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये २०२५ पासून टूलवर ‘हे फक्त वाचतं’ अशी खूण लावता येते, आणि तिथंच स्पष्ट म्हटलंय की ही केवळ सूचना आहे, तिच्यावर सुरक्षितता बेतू नका. कुलूप हवं असेल तर फाइलचे हक्क बांधावे लागतात.

मर्यादा उघड लिहिण्याची रीत आपल्या धंद्यात नवी नाही. १९७१ च्या नोव्हेंबरात बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं पहिलं मॅन्युअल काढलं, त्यात कमांडच्या पानावर ‘बग्ज’ असा स्वतंत्र मथळा होता. काय होतं ते सांगायचं, आणि काय होत नाही तेही त्याच पानावर. मग मधल्या काळात उत्पादनं विकायची झाली आणि हा मथळा ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ अशा गुळगुळीत नावांखाली गडप झाला. एजंटांसाठी लिहिताना तो परत आणावा लागतोय. गिऱ्हाइकासमोर दोष झाकता येतात, पण जो वाचणारा आपल्या शब्दावर लगेच कृती करतो त्याच्यापासून दोष झाकणं म्हणजे स्वतःच्याच कोडवर दगड घालणं.

राहता राहिली उदाहरणं. डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण जुनं होतं, हा सार्वत्रिक अनुभव. कोड बदलतो, उदाहरण तसंच राहतं, माणूस वैतागून सोडून देतो. एजंट सोडत नाही, तो ते जुनं उदाहरण निष्ठेनं गिरवतो. याला एक जुना आणि चांगला उपाय आहे. टिम पीटर्स यांचं डॉकटेस्ट २००१ च्या पायथन २.१ पासून भाषेसोबत येतं. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं उदाहरण ते खरोखर चालवतं आणि छापलेलं उत्तर जुळतं का पाहतं. रस्टमध्येही लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं इतर टेस्टबरोबरच चालतात. आमच्या टूलच्या डॉक्युमेंटेशनमधलं प्रत्येक उदाहरण रोज रात्री असंच चालतं, देवनागरी नावांचं उदाहरण त्यात मुद्दाम घातलंय, आणि मात्रा पुन्हा गळली तर सकाळी कळतं.

यात एक तिढा राहिलाय. ही उदाहरणं म्हणजे टेस्टच की! पण आमचं टूल ती टेस्ट म्हणून मोजत नाही, आणि पायटेस्टही सहसा वेगळा पर्याय दिल्याशिवाय मोजत नाही. म्हणून मर्यादांमध्ये एक ओळ आहे: ‘डॉक्युमेंटेशनमधली चालणारी उदाहरणं या शोधात धरलेली नाहीत.’ गटातल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, ही ओळ काढा आणि टूलच सुधारा. बरोबर आहे. दुसरी म्हणते, उदाहरणं यादीत घातली तर ‘व्याज_काढा’च्या खऱ्या टेस्ट त्यांच्या गर्दीत बुडतील, आणि एजंट सोपी उदाहरणं चालवून समाधान मानेल. तेही बरोबर आहे. माझा कल या दुसरीच्या बाजूनं आहे, निदान उदाहरणं वेगळ्या रकान्यात दाखवण्याची सोय होईपर्यंत. ती होईपर्यंत ओळ तशीच ठेवलीय, आणि तिच्याखाली ती उदाहरणं चालवायची कमांडही दिली आहे.